दुसरा अल्बम आणि सात रिफ

माझा आवाज चांगला नाही, हे आधीच सांगून टाकतो. चांगला असता तर मी भावगीतं म्हटली असती आणि आईलाही चारचौघांत सांगायला सोपं गेलं असतं. मी डेथ मेटल गातो. म्हणजे पोटाच्या तळातून असा घोगरा, गुरगुरणारा आवाज काढतो की ऐकणाऱ्याला त्यातला शब्द कळत नाही, आणि कळावा अशी माझीही फारशी अपेक्षा नसते. बुलढाण्यात आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी हा सराव सुरू केला, तेव्हा शेजारच्या काकू मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन आल्या आणि माझी दृष्ट काढून गेल्या. मिरच्या जाळल्या तरी ठसका लागला नाही, म्हणजे नजर जबर होती, असं त्यांनी आईला समजावलं. मी चिडून दार आपटलं होतं. आता दार हळू लावतो, स्वभावात तेवढीच काय ती सुधारणा.

आमचा बँड तिघांचा. मी गातो आणि बेस गिटार वाजवतो. ड्रमर खामगावचा, तिथल्या एका ऑइल मिलमध्ये कामाला आहे, सरकीचं तेल काढतात तिथे. गिटारवाला दुसरबीडचा शेतकरी. त्याची बोली जालन्याकडे झुकलेली, आमच्यासारखं 'मले-तुले' नाही, म्हणून ड्रमर त्याला अजून 'मला-तुलावाला' म्हणून चिडवतो. दोघांची नावं मुद्दाम घेत नाही. एकाच्या सासऱ्यांना जावई काय वाजवतो हे अजून नीट ठाऊक नाही.

कॉलेज संपल्यावर आम्ही पहिला अल्बम केला तो माझ्या कॉम्प्युटर टायपिंगच्या क्लासमध्ये. रविवारी क्लास बंद असे. कीबोर्ड उचलून कोपऱ्यात रचायचे, खिडक्यांना गाद्या लावायच्या आणि भिंती हादरवायच्या. तो अल्बम आमच्या ओळखीच्या माणसांनी ऐकला आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पुन्हा ओळख दाखवली नाही. आम्ही खुशीत होतो. लगेच दुसऱ्याची तयारी सुरू केली.

माझ्या करणीची गोष्ट इथून सुरू होते. पुढची बारा वर्षं ती मी बायकोलाही सांगितली नव्हती.

दुसऱ्या अल्बमसाठी गिटारवाल्याने सात रिफ आणले. रिफ म्हणजे गिटारचा तो तुकडा, जो गाण्यात फिरून फिरून येतो आणि ज्याच्यावर सगळं गाणं उभं राहतं. त्याचे हे तुकडे नेहमीसारखे जड, दबकत चालणारे नव्हते. ते धावत होते. थ्रॅश म्हणतात त्याला. आमच्याच कुळातलं संगीत, पण पायाला भिंगरी लागलेलं. त्याने पहिला तुकडा वाजवला आणि ड्रमर स्टुलावरून अर्धा उठला. इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडावर तसलं हसू पाहिलं नव्हतं.

माझं घोडं तिथंच पेंड खात होतं. त्या वेगाला मला गाता येईना. दोन ओळींनंतर दम संपायचा, तिसरी ओळ घशातच राहायची. मग मी तत्त्वाच्या गोष्टी सुरू केल्या. हे शुद्ध डेथ मेटल नाही, ही भेसळ आहे, आपण कोण होतो आणि काय होऊन राहिलो, वगैरे. खरं एवढंच होतं की मला भीती वाटत होती. या दोघांना माझ्याशिवाय मजा येतेय, हे मला दिसलं होतं आणि ते सहन झालं नाही.

त्या रविवारी सातही रिफ माझ्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी, तीनच्या बॅचची पोरं यायच्या आधी, मी ते पुसून टाकले. कचऱ्याचा डबासुद्धा रिकामा केला, म्हणजे परत काढायची सोय नको. मग त्याला फोन केला आणि म्हणालो, "लाइट गेली बे एकदम. हार्डडिस्क उडाली. सगळं गेलं."

त्या दिवसांत आमच्याकडे लाइट इतकी जायची की 'लाइट गेली' म्हटल्यावर कोणी पुढचा प्रश्न विचारत नसे. दळण राहिलं, लाइट गेली. अर्ज भरायचा राहिला, लाइट गेली. दुसऱ्या कुठल्या मुलखात माझं खोटं पाच मिनिटं टिकलं नसतं. इथे ते बारा वर्षं टिकलं.

त्याने फक्त विचारलं, "सगळंच?"

"सगळंच."

त्याच साली गारपिटीत त्याचा उभा गहू झोपला होता, आणि त्याआधी ठरलेलं लग्न मोडलं होतं. तो म्हणाला, "जाऊ दे. आपल्या नशिबातच नाही." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. पुन्हा वाजवून रेकॉर्ड करू, असं ना तो म्हणाला, ना मी. महिन्याभरात गिटार बहिणीच्या घरी नेऊन टांगली, अन् बँड संपला. मी मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. चार दिवसांत कळलं की खोकला नाही, बँडच गेला आहे आणि शुद्ध डेथ मेटलचा मी एकटाच राखणदार उरलो आहे.

पुढे त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, शेती चालली. पण ड्रमर अधूनमधून भेटला की सांगायचा, "गडी खचला बे. काही नवीन काढतच नाई. काही म्हटलं की म्हन्ते, आपल्या हातून पुरं होत नाही." आजूबाजूच्यांनी शेडनेटचे हिरव्या जाळीचे मांडव टाकले, कंपन्यांसाठी बियाण्याचे प्लॉट घेतले. हा चार वर्षं नुसता बांधावरून पाहत राहिला. शेवटी वहिनींनी हट्ट केला तेव्हा कुठे याने एक नेट उभं केलं. हे ऐकताना मी विषय बदलायचो. खाई त्याला खवखवे म्हणतात, आणि माझा तर घसाच धंद्याचा होता.

मग गेल्या वर्षी ड्रमरचा फोन आला. त्याने कधीतरी आमचा जुना अल्बम इंटरनेटवर चढवून ठेवला होता. त्याखाली कुण्या परदेशी माणसाने लिहिलं होतं, की दुसरा अल्बम कधी? त्या माणसाचा देश आम्हाला नकाशात शोधावा लागला.

"काढू बे," ड्रमर म्हणाला. "एक मानूस वाट पाहून राह्यला. एक तं एक."

आम्ही तिघं चिखलीत एका हॉटेलात भेटलो. गिटारवाला येणार नाही, अशी माझी खात्री होती. खरं तर तशी आशा होती. तो आला. मिशा पिकल्या होत्या, हात रापले होते. कटिंगचा ग्लास फिरवत म्हणाला, "येतो. पण ते सात रिफ घ्यायचे. जे आठवतील ते."

ड्रमरने टेबलावर थाप मारली. मी मान डोलावली. चहा मला कडू लागला, आणि त्यात साखर भरपूर होती.

ऑइल मिल पावसाळ्यात बंद असते. नवा कापूस दसऱ्याच्या सुमारास येऊ लागतो, तोवर सरकीचं गोदाम रिकामं. ड्रमरने मालकाला 'ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिस' असं सांगून रविवारपुरती किल्ली मिळवली. मी बोथ्याचा घाट उतरून जायचो, गिटारवाला दुसरबीडहून मोटरसायकलवर पाठीला गिटार बांधून यायचा. गोदामाला सरकीच्या पेंडेचा जुना वास होता आणि वर टिनाचं छत, त्यामुळे आम्ही होतो त्यापेक्षा भयानक ऐकू यायचो.

सातपैकी चार रिफ त्याला आठवले. ते त्याने वाजवले तेव्हा मला कळलं की मी काय पुसलं होतं. बारा वर्षांनंतरही ते ताजे होते, आणि माझा दम पूर्वीपेक्षा कमी झाला होता. पण उरलेले तीन काही केल्या येईनात. तो दोन सूर वाजवायचा, थांबायचा, डोळे मिटायचा, पुन्हा तेच दोन सूर. एका रविवारी तीन तास हेच चाललं. ड्रमर म्हणाला, "सोड ना बे, नवे काढ." तर तो म्हणाला, "नवं काढून काय, तेही जाईल."

भादव्यातल्या एका रविवारी त्याने मधेच गिटार खाली ठेवली. "तुम्ही दुसरा कोणी पाहा," तो म्हणाला. "माझ्या पायगुणानं अडून राहिलं हे. माझं असंच असतंय. तुमचं काहून खराब करू?" रागावला नव्हता. फार समजुतीने बोलत होता, म्हणून जास्त वाईट वाटलं. त्याने गिटार पिशवीत घातली आणि गेला.

ड्रमर माझ्याकडे पाहत राहिला. "आता तूच जाय दुसरबीडले," तो म्हणाला. "तुयं ऐकते तो."

मी मंगळवारी क्लासला सुट्टी देऊन गेलो. वाटेत समजुतीची चांगली चार वाक्यं जुळवून ठेवली होती. नशीब असं काही नसतं, माणसाने प्रयत्न सोडू नये, अशी. टायपिंगच्या उताऱ्यात शोभली असती.

तो शेडनेटमध्ये होता. आत हिरवट उजेड, मिरचीच्या कमरेइतक्या ओळी आणि त्यांच्यामध्ये छोट्या स्टुलांवर बसलेल्या बाया. त्यांना दुपारचं काम असतं ते असं: उद्या उमलणारी कळी हेरायची, चिमट्याने तिची पाकळी सरकवायची आणि आतला नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुलाला दुसऱ्या वाणाचा पराग लावतात, आणि त्यातून संकरित बी तयार होतं. क्रॉसिंग म्हणतात इकडे. त्याने मला हात धुवायला लावले, एक चिमटा दिला आणि म्हणाला, "बोलायचं असेल तर काम करता करता बोल. मजूर कमी आहेत."

मी बसलो. ज्या बोटांनी मी मिनिटाला ढीगभर अक्षरं बडवतो, त्यांना एक कळी धड उघडता येईना. पहिली कुस्करली, दुसरी तुटली. शेजारच्या ओळीतली बाई पदर तोंडाला लावून हसली. हळूहळू जमायला लागलं, आणि मी माझी जुळवलेली वाक्यं सुरू केली. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. त्याची बोटं मात्र एका लयीत चालली होती.

ओळीच्या टोकाला आल्यावर त्याने विचारलं, "राहिल्या का तुझ्या कुठं?"

"काय?"

"कळ्या. नर काढायचा राहून गेला असं वाटतं का एखादीत? लाजू नको. आता सांगितलं तर खुडून टाकता येते. लपवली तर तिचं आपसूक फळ धरतं, बी भेसळ होतं. इथं दिसत नाही काही. पुढच्या साली कोणाच्या तरी वावरात उगवतं ते. अन् तो बिचारा आपल्या जमिनीला दोष देत बसतो."

त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. तो खरोखर मिरचीबद्दलच बोलत होता, नवीन मजुराला सांगतात तसं. माझ्या ओळीत दोन-तीन कळ्या राहिल्या होत्या, त्या मी दाखवल्या. त्याने खुडल्या. मग मी म्हणालो, "लाइट गेली नव्हती."

"कधी?"

"तेव्हा. रिफ गेले तेव्हा. मी पुसले ते. मुद्दाम."

त्याचा चिमटा थांबला नाही. अजून एक कळी झाली, अजून एक. मग त्याने मान वर न करता विचारलं, "कोणत्या टायमाला?"

"दुपारी. तीनच्या बॅचच्या आधी."

"लाइट होती?"

"होती. पंखा फिरून राह्यला होता डोक्यावर."

"काहून पुसले?"

"मला तितक्या वेगानं गाता येत नव्हतं." बारा वर्षं दडपलेली गोष्ट इतक्या लहान वाक्यात मावते, याची मला लाज वाटली. "त्याला हसताना पाहिलं मी, ड्रमरला. वाटलं, मी उरणार नाही."

त्याने माझ्या हातातला चिमटा काढून घेतला, खिशातल्या फडक्याने पुसला आणि म्हणाला, "जा."

नेटच्या दाराशी वहिनी चहा घेऊन येत होत्या. मी घेतला नाही. त्यांनी "काहून भाऊजी, इतक्यात?" असं विचारलं, तोवर मी गाडीपाशी पोचलो होतो. चिखलीपर्यंत मी गाडी कशी चालवली आठवत नाही.

ड्रमरला मी त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. तो जे बोलला त्यातलं अर्धं छापण्यासारखं नाही. उरलेलं असं होतं: "बारा वर्ष मी त्याले समजावून राह्यलो, का नशीब पलटते म्हनून. अन् तू बाजूले बसून चहा पेत होता बे! एक डाव तुह्या तोंडातून निंघालं नाई?" मी ऐकून घेतलं. माझ्यासारख्या तापट माणसाला नुसतं ऐकून घेणं किती अवघड जातं, ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी तो म्हणाला, "सांगतलं ते बरं केलं. आता मरू दे अल्बम." आणि फोन कापला.

दोन रविवार गेले. गिटारवाला माझा फोन उचलत नव्हता, ड्रमरचाही नाही. पहिल्या रविवारी मी घरीच बसलो. दुसऱ्या रविवारी खामगावला गेलो, कारण आठवलेल्या चार रिफवरच्या गाण्यांचं वाजवणं रेकॉर्ड झालं होतं, गाण्याचा माझा भाग राहिला होता, आणि ड्रमर मधे फोनवर म्हणाला होता, निदान तेवढं करून टाकू, त्या परदेशी माणसाला पाठवून देऊ. तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मी सोळा वेळा एकच गाणं गायलो आणि सोळाही वेळा तिसऱ्या ओळीला दम सुटला. ड्रमरने हसू दाबलं नाही. मला वाटलं, हेही माझ्या वाट्याचंच आहे.

तिसऱ्या रविवारी सकाळी मिलच्या आवारात ट्रकांची वर्दळ सुरू झाली होती. नव्या हंगामासाठी यंत्रांची साफसफाई चालली होती. आमच्याकडे गोदाम फार तर आठवडाभर उरलं होतं. मी माइकची वायर सोडवत होतो, तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. ड्रमरने माझ्याकडे पाहिलं. मी वायरीकडेच पाहत राहिलो.

तो आत आला. पाठीवर गिटार होती. माझ्याकडे न पाहता त्याने ती काढली, तार लावली, सूर जुळवले. मग एक रिफ वाजवला. सुरुवातीला जड होता, आमचा जुना, जमीन खणत जाणारा, आणि मधेच त्याने असा वेग घेतला की ड्रमरच्या हातातली काडी हातातच राहिली.

"हा त्या तीनमधला?" ड्रमरने विचारलं.

"नाही. ते गेले. आता आठवायचेही नाहीत मला. हा नवा आहे. असे पाच झाले एकोणीस दिवसांत."

मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि चेहऱ्यावर मला वाटला होता तसा राग नव्हता. होता, पण त्याच्यासोबत दुसरंही काही होतं.

"तुला माहीत आहे का," तो म्हणाला, "पोरीचं बारसं होतं, तर मी आदल्या दिवशी म्हणत होतो, काहीतरी होईल. नेट टाकलं तर पहिल्या साली रोज सकाळी वाटायचं, आज पडलेलं दिसेल. बायको म्हणायची, तुम्हाला कोणी सांगितलं का तुमचं नशीब फुटकं आहे म्हणून? मी सांगायचो तिला, सांगितलं. एका दुपारी फोनवर सांगितलं." मग त्याने मला एक शिवी दिली, साधी, गावाकडची, आईबहीण नसलेली. "अन् माझ्या नशिबाला काहीच झालं नव्हतं बे. फक्त तू होता."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्याने हाताने थांबवलं.

"ते नंतर. आधी हे घेऊन टाकू, गोदाम जाईल." त्याने ड्रमरकडे पाहिलं. "किती स्पीडनं घेऊ?"

ड्रमर कानापर्यंत हसला. "तुले जमन तितकं."

त्याला किती जमतं, ते मी नुकतंच ऐकलं होतं. त्या वेगाला माझा दम दुसऱ्या ओळीतच संपणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी माइकसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "घे."